पाच टक्क्यांचा हिशेब

(नारायणगाव येथे दिव्यांग बंधु-भगिनी, त्यांचे पालक, ग्रामपंचायत सदस्य आणि वकील मंडळी यांच्यासमोर एका ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



नारायणगाव महाराष्ट्राला निरनिराळ्या कारणांनी ठाऊक आहे. तमाशाच्या रसिकांना हे विठाबाईंचे गाव म्हणून माहीत आहे, खगोलशास्त्राच्या अभ्यासकांना खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीमुळे माहीत आहे आणि २०२३ च्या जुलै महिन्यात टोमॅटोचे भाव गगनाला भिडले तेव्हा जुन्नर तालुक्याचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. मीना नदीच्या काठच्या या गावाने शेती, शिक्षण आणि कला या तिन्ही क्षेत्रांत नाव कमावले आहे. अशा कर्तबगार गावात मी आज एका अगदी साध्या कागदाविषयी बोलणार आहे. त्या कागदाला ‘नमुना क्रमांक १’ म्हणतात. ग्रामपंचायतीचे वार्षिक अंदाजपत्रक ते हेच. आपल्यापैकी किती जणांनी तो कागद प्रत्यक्ष पाहिला आहे, हे ज्याचे त्याने मनाशी आठवावे. परंतु त्यातील एका ओळीवर येथे समोर बसलेल्या अनेकांचा हक्क आहे.

ती ओळ अशी. घरपट्टी, गाळ्यांचे भाडे, बाजारकर अशा मार्गांनी ग्रामपंचायतीला जे स्वतःचे उत्पन्न मिळते, त्याचा पाच टक्के हिस्सा गावातील दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाचा आहे. पूर्वी हे प्रमाण तीन टक्के होते. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने दारिद्र्यनिर्मूलनाच्या योजनांत किमान तीन टक्के आरक्षण सांगितले होते. त्याच्या जागी दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याने हे प्रमाण पाच टक्क्यांवर नेले, तसेच दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले. त्यानंतर राज्य शासनाने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या स्वउत्पन्नातील हिस्साही पाच टक्के केला. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांहून अधिक दिव्यांग नोंदले गेले होते, आणि ही मोजणी एकवीस प्रकार येण्यापूर्वीची आहे. तेव्हा हा प्रश्न मूठभरांचा आहे, असे कोणी समजू नये.

न बोलता होणारी कपात

दिव्यांगांचा निधी कापला, असा ठराव कोणत्याही ग्रामपंचायतीच्या इतिवृत्तात सापडणार नाही. सरपंच असे म्हणणार नाहीत, सदस्य म्हणणार नाहीत, ग्रामसभेत तर कोणीच म्हणणार नाही. तरीही कपात होते. ती तीन वाटांनी होते, आणि त्या तिन्ही वाटा ओळखल्याशिवाय पुढे कायद्याची भाषा बोलून उपयोग नाही.

पहिली वाट वसुलीची. पाच टक्के हे प्रमाण ठरलेले असले, तरी ते कशाचे पाच टक्के, हे महत्त्वाचे. घरपट्टी थकली की स्वउत्पन्न घटते आणि त्याबरोबर हा हिस्साही आपोआप घटतो. कोणी काही ठरवलेले नसते. पण व्हीलचेअरसाठी अर्ज केलेल्या माणसाला ‘यंदा निधी नाही’ हे उत्तर मिळते. गावातील सधन माणूस घरपट्टी थकवतो तेव्हा तो आपल्याच शेजारच्या दिव्यांग मुलाचा वाटा थकवत असतो, हे त्याच्या गावीही नसते.

दुसरी वाट मार्चअखेरची. अकरा महिने रक्कम पडून राहते. नियोजन नसते, लाभार्थ्यांची यादी अद्ययावत नसते. मग मार्च महिन्यात घाई होते आणि सर्वांना सारखेच काहीतरी वाटले जाते. ज्याला ऐकू येत नाही त्यालाही घोंगडी आणि ज्याला चालता येत नाही त्यालाही घोंगडी. श्रवणयंत्राची बॅटरी, कुबड्यांची दुरुस्ती, फिजिओथेरपीसाठीचा प्रवासखर्च या खऱ्या गरजा तशाच राहतात. हिशेबाच्या वहीत मात्र खर्च पूर्ण दिसतो.

तिसरी वाट शीर्ष बदलण्याची. सार्वजनिक इमारतीच्या बांधकामात कोठेतरी एक उतार बांधला जातो आणि बांधकामाचा बराचसा भार या शीर्षाखाली टाकला जातो. उतार हवाच, तो कायद्यानेच हवा आहे. परंतु तो इमारतीच्या खर्चातून व्हायला हवा. दिव्यांगाच्या औषधाच्या पैशांतून नव्हे.

यांच्या जोडीला एक मोठी विषमता आहे आणि तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. समजा, पुणे-नाशिक महामार्गालगतच्या एखाद्या मोठ्या गावाचे स्वउत्पन्न वर्षाला ६० लाख रुपये आहे. त्याचे पाच टक्के म्हणजे ३ लाख. गावात शंभर दिव्यांग असतील तर डोई ३ हजार रुपये येतात. आता नाणेघाटाच्या बाजूचे, डोंगरकपारीतले एखादे आदिवासी गाव घ्या. तेथे गाळे नाहीत, बाजार नाही, पक्की घरे थोडी. स्वउत्पन्न समजा ८० हजार. त्याचे पाच टक्के ४ हजार. दिव्यांग दहा असले तरी डोई ४०० रुपये. जेथे दवाखाना दूर, एस.टी. दिवसातून मोजकी आणि गरज सर्वांत अधिक, तेथेच निधी सर्वांत कमी. टक्केवारीने न्याय झाला असे दिसते, पण तो समान होत नाही. म्हणून पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांचा स्वतःचा पाच टक्के हिस्सा प्राधान्याने अशा गावांकडे वळला पाहिजे, ही मागणी जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांतून एका आवाजात झाली पाहिजे.

आडात नसेल तर?

निधीविषयी विचारले की एक म्हण हमखास ऐकायला मिळते, आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? म्हण खरी आहे. पण कायद्याने ती किती ऐकून घ्यायची, याचेही उत्तर आपल्या देशात १९८० साली मिळालेले आहे.

मध्य प्रदेशातील रतलाम शहरात एका प्रभागातील रहिवासी उघड्या गटारांनी आणि दुर्गंधीने त्रासले होते. त्यांनी दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार केली. दंडाधिकाऱ्यांनी नगरपालिकेला व्यवस्था करण्याचा आदेश दिला. नगरपालिका भांडत भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि तेथे तिचे म्हणणे होते की, आमच्याकडे पैसा नाही. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते म्हणणे मान्य केले नाही. कायद्याने सोपवलेले कर्तव्य तिजोरी रिकामी असल्याचे सांगून टाळता येणार नाही आणि माणसाची प्रतिष्ठा जपणे हे स्थानिक संस्थेचे पहिले काम आहे, असा त्या निर्णयाचा आशय. तो खटला गटारांचा होता, दिव्यांगांचा नव्हता. पण त्यातील तत्त्व प्रत्येक ग्रामपंचायतीला आणि नगरपरिषदेला लागू आहे.

येथे वकील मंडळी बसली आहेत, म्हणून एक सावधगिरीची गोष्टही सांगितली पाहिजे. स्वउत्पन्नातील पाच टक्के हा हिस्सा शासन निर्णयांनी ठरवलेला आहे, आणि शासन निर्णय व संसदेचा कायदा यांत फरक असतो. शिवाय २०१६ च्या कायद्याच्या २४ व्या कलमात सामाजिक सुरक्षेच्या योजना शासनाने आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत आखाव्यात, असे शब्द आहेत. तेव्हा ‘पैसे द्याच’ एवढेच म्हणत न्यायालयात गेल्यास निराशा पदरी पडण्याचा संभव आहे. ‘ठरलेला हिस्सा राखला का, राखला तर कोठे खर्च केला, आणि तो ठरवताना आम्हांला विचारले का’, हे प्रश्न घेऊन गेल्यास उत्तर देणे समोरच्या पक्षाला भाग पडते. हा फरक बारीक आहे, पण खटल्याचे यश त्यावर अवलंबून असते.

सातासमुद्रापलीकडचा अनुभवही हेच सांगतो. इंग्लंडमध्ये २०१० नंतर स्थानिक नगरपरिषदांच्या अनुदानात मोठी काटछाट झाली आणि तिची पहिली झळ दिव्यांगांच्या सेवांना बसली. बर्मिंगहॅमच्या परिषदेने फक्त अत्यंत तीव्र गरज असलेल्यांनाच मदत देण्याचे ठरवले. काही दिव्यांग रहिवासी न्यायालयात गेले आणि २०११ मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय बेकायदा ठरवला. ब्रिस्टलच्या परिषदेने विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणखर्चातून सुमारे ५० लाख पौंड कमी केले. पालकांनी आव्हान दिले आणि २०१८ मध्ये तीही कपात रद्द झाली. दोन्ही वेळा न्यायालयाने परिषदेचे अंदाजपत्रक स्वतः लिहिले नाही. निर्णय घेण्यापूर्वी त्याचे दिव्यांगांवर होणारे परिणाम नीट तपासले का, एवढेच विचारले. उत्तर ‘नाही’ असे होते आणि तेवढ्यावर निकाल लागला. त्याच देशात २०१३ पासून गरिबांना मिळणारी सरकारी विधी मदतही आखडली गेली, हा त्या गोष्टीचा दुसरा भाग आहे. सेवा कापली आणि ती परत मागण्यासाठी मिळणारा वकीलही दुर्मिळ झाला.

अन्नवस्त्र आणि वाटा

आपल्या परंपरेत दुर्बलांच्या भरणपोषणाचा विचार नव्हता, असे कोणी म्हणू नये. कौटिल्याने अर्थशास्त्रात बालक, वृद्ध, संकटग्रस्त आणि अनाथ यांचे पोषण राजाने करावे, असे सांगितले आहे. हा आपला वारसा आहे आणि त्याचा अभिमान बाळगण्यास हरकत नाही. पण याच वारशातील दुसरी बाजूही डोळसपणे पाहिली पाहिजे. मनुस्मृतीत जन्मांध, जन्मबधिर इत्यादींना वडिलार्जित मालमत्तेत वाटा नाकारला आहे आणि त्यांना अन्नवस्त्र द्यावे, असे म्हटले आहे. म्हणजे ताट मिळेल, पण घर आणि शेत यांवर नाव लागणार नाही. ही रूढी शतकानुशतके चालली. १९२८ च्या कायद्याने ती बरीचशी मोडली आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २८ व्या कलमाने तिचा पूर्ण शेवट केला. रोग, दोष किंवा व्यंग या कारणाने कोणीही वारसाहक्कास अपात्र ठरणार नाही, अशी ती तरतूद आहे. हिंदू समाजाने आपल्या कायद्यात केलेली ही दुरुस्ती फार मोलाची आहे.

कायदा बदलून सत्तर वर्षे होत आली, मन किती बदलले? आजही वाटणीच्या वेळी ‘त्याला काय करायचेय जमीन, आम्ही सांभाळतोच आहोत की’ असे म्हणून दिव्यांग भावाचा अंगठा हक्कसोडपत्रावर घेतला जातो. महामार्गासाठी जमीन गेली आणि मोबदला आला की त्याच्या वाट्याचा धनादेश कोणाच्या खात्यात गेला, हे त्याला सांगितलेही जात नाही. सांभाळणारे भाऊ वाईट असतात असे नव्हे. बहुतेक जण मनापासून सांभाळतात. पण सांभाळणे आणि हक्क देणे या दोन गोष्टी आहेत. घरात जे घडते तेच पुढे ग्रामपंचायतीत घडते. मार्चअखेरची घोंगडी हे अन्नवस्त्र झाले. पाच टक्क्यांचा हिशेब हा वाटा झाला. २०१५ नंतर ‘अपंग’ हा शब्द मागे पडून ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ झाला, महाराष्ट्रात २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभागही झाला. आता तो आदर खतावणीतही उतरला पाहिजे.

वकील विनामूल्य मिळतो

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असे आपल्याकडे म्हणतात. व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाच्या बाबतीत ही म्हण शब्दशः खरी ठरते. पायरीच त्याला अडवते. सार्वजनिक इमारती सुगम करण्याची मुदत २०२२ मध्येच उलटून गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात, सुगमतेचे मानदंड केवळ शिफारशीच्या रूपात ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक असले पाहिजेत, असा निर्णय दिला. पायऱ्यांचा प्रश्न असा अजून चालूच आहे. परंतु वकिलाच्या शुल्काचा प्रश्न कायद्याने केव्हाच सोडवला आहे, आणि हीच गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे.

१९७६ च्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत ३९-अ हे कलम आले. समान न्याय आणि विनामूल्य विधी साहाय्य ही राज्याची जबाबदारी ठरली. त्यातून विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ झाला आणि १९९५ च्या नोव्हेंबरपासून तो देशात लागू झाला. त्याच्या १२ व्या कलमात विनामूल्य वकील कोणाला मिळेल, याची यादी आहे. अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया आणि बालके यांच्याबरोबर दिव्यांग व्यक्तीचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. दिव्यांगाला येथे उत्पन्नाची अट नाही. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र पुरेसे आहे.

येथे पालकांनी एक बारकावा ध्यानात ठेवावा. आई स्त्री म्हणून स्वतःच्या नावानेच पात्र आहे. तिचे उत्पन्न किती, हा प्रश्न येत नाही. वडील मात्र स्वतःच्या नावाने अर्ज करतील तर त्यांना उत्पन्नाची मर्यादा लागू शकेल. दिव्यांग मुलाच्या वतीने केलेला अर्ज हा मुलाचा अर्ज असतो. कोणाच्या नावाने अर्ज करावा, एवढ्या एका निर्णयावर पुष्कळ कागदपत्रांचा त्रास वाचतो.

अर्ज कोठे करावा? तालुका विधी सेवा समिती तालुका न्यायालयातच असते. नारायणगावकरांसाठी ती जुन्नरला आणि आंबेगावकरांसाठी घोडेगावला. तालुक्यातील ज्येष्ठ न्यायिक अधिकारी तिचे अध्यक्ष असतात. अर्ज मराठीत चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेले लिहून घेण्याची तरतूद आहे. अर्ज नाकारला गेला तर त्यावर अपील करता येते. पुण्यात जिल्हा प्राधिकरण आहे, मुंबईत उच्च न्यायालयाची समिती आहे आणि १५१०० हा राष्ट्रीय साहाय्य क्रमांक आहे. वकिलाचे शुल्क, न्यायालयाचे शुल्क, कागदपत्रांच्या नकला हा सर्व खर्च प्राधिकरण करते.

तरीही पहिल्याच दिवशी न्यायालयात जाऊ नये. त्यापूर्वीच्या पायऱ्या चढल्या तर पुष्कळदा काम तेथेच होते, आणि झाले नाही तर पुढच्या खटल्यासाठी पुरावा तयार होतो. पहिली पायरी लेखी अर्जाची. तोंडी विनंतीला कागदोपत्री अस्तित्व नसते. अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. दुसरी पायरी माहिती अधिकाराची. २००५ च्या त्या कायद्यानुसार तीन गोष्टी मागाव्यात : मागील तीन वर्षांचा नमुना क्रमांक १, प्रत्येक वर्षी झालेली प्रत्यक्ष वसुली, आणि पाच टक्के निधीच्या खर्चाचा तपशील लाभार्थ्यांच्या संख्येसह. उत्तर तीस दिवसांत यायला हवे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला शुल्क नाही. हे तीन कागद समोर ठेवले की मघाशी सांगितलेल्या तीन वाटांपैकी कोणत्या वाटेने पैसा गेला, ते शाळकरी मुलालाही वजाबाकी करून सांगता येते.

तिसरी पायरी गटविकास अधिकारी आणि जिल्हा परिषदेची. चौथी राज्याच्या दिव्यांग आयुक्तांची. हे कार्यालय पुण्यातच आहे, ही आपल्या जिल्ह्याची सोय म्हटली पाहिजे. आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे आणि कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांनी एखाद्या संस्थेला शिफारस केली तर तिने काय कार्यवाही केली, हे तीन महिन्यांच्या आत कळवावे लागते. शिफारस ही न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकी सक्तीची नसते, हे खरे. पण ज्या ग्रामपंचायतीने आयुक्तांच्या पत्रालाही उत्तर दिले नाही, तिची बाजू पुढे उच्च न्यायालयात दुबळी झालेली असते. ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ असे आपण हसत म्हणतो. ते सहा महिने तारीखवार कागदावर आले की विनोद संपतो आणि दावा सुरू होतो.

सांभाळणाऱ्यांचा कागद

आतापर्यंत दिव्यांगांविषयी बोललो. त्यांच्या मागे आणखी एक माणूस उभा असतो आणि त्याचे नाव कोणत्याच यादीत नसते. वार्तांकनाच्या निमित्ताने एका डोंगरी गावात एक माउली भेटली होती. मुलगा चोवीस वर्षांचा, मेंदूच्या पक्षाघाताने जखडलेला. साडीच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशवीत त्याचे सगळे कागद तिने नीट घडी घालून ठेवले होते. एकेका कागदासाठी ती किती खेपा घालून आली, हे ती रोजाच्या मजुरीत मोजत होती. हा दाखला तीन रोजांचा, हा पाच रोजांचा. शेवटी म्हणाली, “सायेब, ह्याचा कागद झाला. माझा कागद कंचा?”

तिच्या प्रश्नाला कायद्यात उत्तर आहे, आणि म्हणूनच तो प्रश्न अधिक बोचतो. २०१६ च्या कायद्याने काळजीवाहक या शब्दाची व्याख्या केली आहे. मोबदला घेऊन अथवा न घेता दिव्यांगाची काळजी घेणारे आईवडील आणि कुटुंबीय तीत येतात. याच कायद्याच्या २४ व्या कलमात, अधिक आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. ३८ व्या कलमानुसार अशा अधिक आधारासाठी अर्ज करता येतो आणि मंडळाने त्याची तपासणी करावयाची असते. केरळने घरी राहून रुग्णांची व दिव्यांगांची शुश्रूषा करणाऱ्यांसाठी ‘आश्वासकिरणम्’ नावाची योजना आखली. महाराष्ट्रातील पालकांनी असा भत्ता मागितला तर ती भीक ठरत नाही. संसदेने छापून ठेवलेला शब्द ते वाचून दाखवत आहेत.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. इतरांना मिळणाऱ्या तशाच साहाय्यापेक्षा दिव्यांगांचे साहाय्य किमान २५ टक्क्यांनी अधिक असावे, असे २४ वे कलम सांगते. २०२३ मध्ये अनुदान दरमहा १,५०० रुपये झाले तेव्हा दिव्यांग आणि इतर निराधार यांना रक्कम सारखीच होती. संघटनांनी पाठपुरावा केला, आंदोलने झाली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिव्यांग लाभार्थ्यांसाठी २,५०० रुपयांचा निर्णय घेतला. कायदा २०१६ चा आणि त्याचा प्रत्यय २०२५ चा. मधली नऊ वर्षे कलम होते, पण त्याच्या मागे पुरेसा आवाज नव्हता. अनुदान आता थेट बँक खात्यात येते, हे चांगलेच आहे. परंतु आधार जोडणीत अडथळा आला आणि पैसे थांबले तर ते का थांबले, याचे लेखी उत्तर तहसील कार्यालयाकडे मागावे. तेही विधी सेवा समितीच्या कक्षेतील काम आहे.

पालकांच्या मनातला सर्वांत मोठा प्रश्न पैशांचा नसतो. ‘आमच्यामागे याचे काय?’ हा असतो. त्यासाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ आहे. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर स्थानिक समिती असते आणि ती पालकत्वाचे प्रमाणपत्र देते. अठरा वर्षे पूर्ण झाली की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे अनेकांना बँकेच्या खिडकीशी पहिल्यांदा कळते. समितीने नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. दुर्लक्ष केले तर त्याला दूरही करता येते. काकाने सांभाळावे, भावाने सांभाळावे, ही आपली कुटुंबाची रीत आहे आणि ती टिकली पाहिजे. तिला हिशेबाची जोड दिली तर ती अधिक टिकेल.

गावाने काय करावे

आता शेवटचा मुद्दा. कायदा हा बाहेरचा आधार आहे. गावाची इच्छा हा आतला. दोन्ही असतील तर न्यायालयाची वेळ क्वचितच येईल.

प्रत्येक ग्रामपंचायतीने दिव्यांगांची नोंदवही वर्षातून एकदा अद्ययावत करावी आणि तीत एकवीस प्रकारांपैकी कोणता, गरज कोणती आणि काळजी कोण घेते, हे तीन रकाने असावेत. त्या तिसऱ्या रकान्यात त्या माउलीचे नाव येईल. तिचा पहिला कागद तिथे होईल. पाच टक्क्यांच्या खर्चाचा आराखडा अंदाजपत्रक मंजूर होण्याआधी दिव्यांग आणि पालक यांच्यासमोर वाचला जावा. कपात करावीच लागली, तर ती का आणि कोणाला झळ पोहोचेल, हे लिहून ठेवावे. ब्रिस्टल आणि बर्मिंगहॅमच्या न्यायालयांनी याहून वेगळे काही मागितले नव्हते. तालुक्यातील वकील बंधु-भगिनींनी महिन्यातला एक बाजारदिवस नारायणगावासाठी राखून ठेवावा. बाजाराला आलेला माणूस त्याच खेपेत आपला अर्ज लिहून घेईल; त्याची मजुरी बुडणार नाही. महाविद्यालयातील तरुणांना माहिती अधिकाराचे अर्ज लिहिण्याचे काम सांगता येईल, डोंगरी गावांत जाऊन ते करतील. आणि ज्यांची घरपट्टी थकली आहे, त्यांनी ती भरावी. याहून सोपी समाजसेवा मला तरी ठाऊक नाही.

शरीराच्या एका बोटाला काटा रुतला की सारा देह कळवळतो. समाज जिवंत असल्याची खूण हीच. पण देह केवळ कळवळून थांबत नाही. हात पुढे होतो आणि काटा काढतो. येत्या ग्रामसभेला जाताना आपल्या घरातल्या किंवा शेजारच्या दिव्यांग माणसाला बरोबर घेऊन जा. जाता येत नसेल तर त्याचे प्रश्न लिहून न्या. नमुना क्रमांक १ मागा, पाच टक्क्यांची ओळ मोठ्याने वाचायला सांगा आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवले गेले की नाही, ते पाहूनच घरी या.